दगडावर नाव, गाण्यात मुलगा

फौजेत गेलेला मुलगा परत आला नाही की त्याच्या मागे दोन स्मारकं उभी राहतात. एक दगडाचं, गावानं किंवा सरकारनं बसवलेलं. दुसरं गाण्याचं, घरानं जपलेलं. तो कुठल्या तारखेला, कुठल्या रणांगणावर पडला हे दगड सांगतो. तो घरात कसा वावरायचा, कुणाचा लाडका होता, हे गाणं सांगतं. मुलगा स्वतःच गळ्याचा गोड असेल तर दगडाचं अपुरेपण अधिकच टोचतं. ही दोन्ही स्मारकं आपल्याकडे फार जुनी आहेत आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात ती आजही शेजारी-शेजारी सापडतात.

घोडेस्वार आणि थाळी

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. चौदाव्या शतकापासून चालत आलेलं हे राज्य 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे वडिलांच्या निधनानंतर लहान वयातच गादीवर आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात काम केलं आणि पुढे ते लोकसभेतही गेले. राजाच्या आठवणीला राजवाडा असतो, कागदपत्रं असतात. पाड्यावरच्या माणसाला यातलं काही नसतं, म्हणून पाड्यानं आपली सोय आपणच केली.

या भागातल्या वारली, कोकणा, महादेव कोळी समाजांत गेलेल्या पूर्वजाला ‘वीर’ म्हणून बसवायची चाल आहे. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर घोडेस्वार कोरतात, वर सूर्य-चंद्र काढतात. तो माणूस आयुष्यात कधी घोड्यावर बसलेला असो वा नसो, स्मारकात त्याला घोडा मिळतो. शिलाहार-यादवांच्या काळातल्या वीरगळांचीच ही नातलग म्हणावी. बोरिवलीजवळच्या एक्सरला समुद्रावरची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. वीरगळाची मांडणी साधारण ठरलेली असते: खाली लढाई, त्यावर वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा आणि माथ्याला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर याची आठवण राहो, एवढंच त्यातून म्हणायचं असतं. त्या वीराचं नाव मात्र बहुतेक वीरगळांवर नसतं.

दगड जिथे थांबतो तिथून आवाज सुरू होतो. कोकणा कथेकरी काशाच्या थाळीच्या मधोमध मेणानं एक काडी उभी चिकटवतो आणि ती बोटांनी वरून खाली ओढतो. थाळी घुमू लागते आणि त्या घुमण्यावर रात्रभर कथा चालते. वारली भगत दोन भोपळ्यांची घांगळी छेडत कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा गातो. लग्नातली गाणी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, म्हणते. भात तयार झालं, वाघबारस आली की तारपा या फुंकवाद्याभोवती नाच धरला जातो. यातलं क्वचितच काही लिहून ठेवलेलं असतं. जुन्या गायकाचं तोंड आणि नव्याचा कान, एवढ्यावर सगळं चालतं. गाणारा मुलगा अकाली गेला तर घर रिकामं होतंच, शिवाय त्या साखळीची एक कडीही निखळते.

लढाईआधीचं घर

शाहिरांना हे पक्कं ठाऊक होतं. तानाजी मालुसऱ्यांवरचा तुळशीदासाचा पोवाडा काही थेट सिंहगडाच्या कड्यावर सुरू होत नाही. आधी त्याच्या मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी येते, जिजाबाईंचा सोंगट्यांचा डाव येतो, आमंत्रण घेऊन निघालेला बाप येतो. कडा, घोरपड, तलवार हे सारं नंतर. ऐकणाऱ्याला आधी त्या माणसाचं घर दाखवलं, म्हणून त्याचं जाणं जिव्हारी लागतं. असे पोवाडे ब्रिटिश अधिकारी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी शाहिरांकडून गोळा केले आणि 1891 साली छापले. ते तेव्हा कागदावर आले नसते, तर कित्येक गायकाबरोबरच गेले असते.

पोवाडा डफावर, चारचौघांत गायचा. आईचं गाणं जात्यावर, पहाटेच्या अंधारात, ऐकायला कुणी नसताना. अभ्यासक गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 2017 पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर मूळ आवाजांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. ओवीतला मुलगा शूर असायलाच हवा असं नाही. तो जेवायला बसतो, वाटेनं येताना दिसतो, गावात उठून दिसतो. आईला एवढं पुरतं. तो पराक्रमी ठरतो तो पलटणीच्या कागदात.

परक्या मातीतले आवाज

ब्रिटिश फौजेची भरती सातारा, रत्नागिरी, कुलाबा अशा जिल्ह्यांतून जोरात होई. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच पुढे ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या 46 जणांसाठी स्मारकाचा दगड उभा आहे. आकडा आहे, आदर आहे. त्या 46 जणांतला कोण भजनाला बसायचा, हे तो दगड सांगू शकत नाही.

त्याच युद्धात एक विलक्षण गोष्ट घडली. बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फ इथल्या कैदी छावणीत जर्मन अभ्यासकांनी हिंदी सैनिकांना एकेक करून ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभं केलं. त्यांना आपापल्या भाषेतली गाणी आणि गोष्टी म्हणायला लावल्या. पंजाबचा मल सिंग 11 डिसेंबर 1916 रोजी त्या कर्ण्यात बोलला. घरचं लोणी आणि हिंदुस्थानात परतण्याची ओढ, हेही त्यानं सांगितलं. अभ्यासकांना हवी होती भाषा, पण तबकडीत उमटला माणूस. त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. फिलिप शेफ्नर यांच्या 2007 च्या ‘द हाफमून फाइल्स’ या चित्रपटानं ते आवाज पुन्हा जगाच्या कानावर घातले.

पुढच्या महायुद्धात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. 2023 साली इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो, अशा अर्थाचं वचन त्यासाठी निवडलं. वीरगळावर सूर्य कोरणाऱ्या आपल्या पाथरवटाला ते समजावून सांगावं लागलं नसतं.

आवाज कुणी सांभाळायचा?

आज सैनिकाच्या आईला जात्यावर बसावं लागत नाही. मुलाचा आवाज तिच्या मोबाइलमध्ये असतो: सुट्टीत आलेला असताना लग्नात म्हटलेलं गाणं, बराकीतून पाठवलेला एखादा संदेश. पण फोन बिघडतो, हरवतो, नवा घेतला की जुन्यातलं राहून जातं. शंभर वर्षांपूर्वीच्या कैद्याचा आवाज बर्लिनमध्ये शाबूत राहिला, कारण तो सांभाळणं हे एका संस्थेचं काम होतं. आपल्या मुलांचे आवाज सांभाळणं हे अजून बहुतेक ठिकाणी एकट्या आईचंच काम आहे.

याला मोठा खर्च लागत नाही. तालुक्याचं वाचनालय, शाळा किंवा ग्रामपंचायत यांनी गावच्या जवानांची, तसंच थाळीवर आणि घांगळीवर गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं एका जागी, दोन-तीन प्रतींत, तारीख आणि माणसाच्या माहितीसह ठेवावीत. ही माणसं गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती असतानाच हे करावं. सुट्टीवर आलेल्या जवानाला एक गाणं म्हणायला लावणं कुठल्याही गावाला अवघड नाही. पुढे कधी त्याच्या नावाचा दगड बसवायची वेळ आली नाही, तर उत्तमच. तो म्हातारा होऊन स्वतःचंच गाणं नातवंडांना ऐकवील.