काळ्या रंगावरची वर्तुळे

बीड–गेवराई किंवा बीड–माजलगाव रस्त्यावर धावणारी काळी-पिवळी जीप दुपारच्या उन्हात निरखून पाहावी. गाडी एक, पुसणारा हात एक, फडकाही तोच. तरी पिवळ्या भागावर काही दिसत नाही आणि काळ्या भागावर मात्र सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखी वर्तुळे दिसतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. ती मशीनने घालवून घ्यायला माणसे बरेच पैसे मोजतात. अनेकदा महिन्याभरात वर्तुळे परत येतात आणि गाडीही परत गॅरेजात जाते. असे का होते याचा शोध घेताना मला प्रकाशशास्त्र, भूगोल आणि पाणीटंचाई या तिन्ही वाटांनी जावे लागले.

पहिली गोष्ट म्हणजे ही वर्तुळे गाडीवर नसतातच. दोन पावले बाजूला सरकून पाहा, वर्तुळांचा मध्यही तुमच्याबरोबर सरकेल. प्रत्यक्षात पत्र्यावर सर्व दिशांना गेलेले, हजारो बारीक ओरखडे असतात. बारीक ओरखडा प्रकाश फेकतो तो मुख्यतः स्वतःच्या आडव्या दिशेने. त्यामुळे प्रतिबिंबाभोवती वळसा घालणाऱ्या दिशेत जे ओरखडे पडले आहेत, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बाकीचे असूनही दिसत नाहीत. जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेने ‘मिडलमार्च’ (1871–72) या कादंबरीत नेमके हेच निरीक्षण नोंदवले आहे. पुसून पुसून ओरखडलेल्या पृष्ठभागासमोर मेणबत्ती धरली की सगळे ओरखडे तिच्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. माणसाचा अहंकार जगातल्या घटना अशाच स्वतःभोवती रचून घेतो, हे सांगण्यासाठी तिने तो दाखला वापरला. गाडीच्या बाबतीत त्याचा व्यवहारी अर्थ असा, की दिसतात त्याच्या कितीतरी पट ओरखडे तिथे असतात.

मग ते काळ्यावरच का दिसतात? आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 4 टक्के या थरावरून परततो, उरलेला आत जातो. पिवळा किंवा पांढरा रंग आत गेलेल्यातला बराच प्रकाश चहूकडे परत फेकतो आणि त्या उजेडात ओरखड्यांचा उजेड बुडून जातो. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो. मागे अंधार असल्याने प्रत्येक ओरखडा तारेसारखा चमकतो. ओरखडे दोन्हीकडे सारखेच असतात. काळा रंग ते लपवत नाही, एवढेच.

ओरखडे पाडते ती आपली धूळ. बीड जिल्ह्याची भूमी दख्खनच्या बेसाल्टची आहे. त्या खडकातली खनिजे क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राखेचे काचेसारखे कणही तिच्यात मिसळतात. धूळ नुसती बसल्याने फारसे बिघडत नाही. कोरडा फडका फिरला की तोच पॉलिश पेपर होतो.

आता पॉलिशकडे वळू. न्यूटनने ‘ऑप्टिक्स’मध्ये (1704) काचेच्या पॉलिशबद्दल मार्मिक विचार मांडला आहे. पॉलिशने ओरखडे नाहीसे होत नाहीत, ते इतके बारीक होतात की दिसेनासे होतात, असे त्याचे म्हणणे. पुढच्या संशोधनाने या चित्रात बरीच भर घातली, पण गाडी घासणाऱ्याला हे सूत्र अजून पुरते. मोठा ओरखडा घालवायचा तर त्याच्या भोवतालचा थर त्याच्या तळापर्यंत झिजवावा लागतो आणि झिजवताना पडणारे नवे ओरखडे नजरेला जाणवणार नाहीत इतके बारीक ठेवावे लागतात. म्हणजे चमक वरून लावली जात नाही, काहीतरी कमी करून मिळवली जाते.

कमी करायला भांडवल किती? क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात. तो फार झिजला की रंग पांढरट पडतो, पापुद्रे सुटतात. मग पुन्हा रंगकाम करण्यावाचून इलाज नसतो.

मशीन दोन जातींची. ‘रोटरी’चे पॅड एकाच आसाभोवती गरगरते. ते वेगाने कापते, उष्णता साठवते आणि चुकार हातात असेल तर ओळीने पडलेल्या बारीक रेषा मागे ठेवते. उजेड हलला की त्या पिसासारख्या सरकतात, त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ मशीनचे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका छोट्या कक्षेतही फिरते. त्यामुळे कणाची वाट सहसा तशीच पुन्हा गिरवली जात नाही आणि रेषांची ओळ बनत नाही. काळ्या गाडीवर शिकाऊ हाताने हेच वापरावे.

क्रम असा. गाडी भरपूर पाण्याने धुवावी, चिकटलेले कण क्ले बारने काढावेत, कडांना टेप लावावी, कारण तिथे थर पातळ असतो. पत्रा सावलीत थंड होऊ द्यावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळचेच. आधी हातभर जागेवर मऊ फोम आणि बारीक कंपाउंड वापरून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तरच एक पायरी कडक जावे. हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन सावकाश, आधी उभे मग आडवे, निम्मा पट्टा निम्म्यावर चढवत न्यावे. प्रत्येक भागानंतर पॅड झाडून साफ करावे, कारण झिजलेला रंगच नवे ओरखडे पाडतो. कडक पॅड वापरले असेल, तर शेवटी मऊ पॅडचा हात हवाच.

आणि मग खरी परीक्षा. कंपाउंडमधले तेल ओरखड्यांत भरून बसते आणि गाडी आरशासारखी दिसते. दोन-चार धुण्यांत तेल जाते आणि वर्तुळे परततात. महिन्याभराच्या चमकेचे रहस्य बहुधा हेच असते. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून, अंधारात एकाच टॉर्चच्या उजेडात काम तपासून घ्यावे. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात दोष दिसत नाहीत. पैसे देण्याआधी एवढा आग्रह धरणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, विशेषतः गाडीच्या हप्त्यावर ज्याचे घर चालते त्याचा.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत गाडीवर पाणी ओतणे कुणालाही जड जाते. म्हणून फडका मारला जातो, आणि पाण्याची टंचाई काळ्या पत्र्यावर कोरली जाते. माझा सल्ला साधा आहे. पाणी नसेल त्या दिवशी गाडी पुसूच नये. काच आणि आरसे तेवढे साफ करावेत. धुळीने माखलेली गाडी वाईट दिसते, पण धुळीने ती खराब होत नाही. खराब करतो तो आपला स्वच्छतेचा घाईचा हात.