वाहनपूजेनंतरचा चिकटा

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. खंडेनवमीला शस्त्रे व हत्यारे पूजावीत आणि दसऱ्याला दाराशी उभ्या असलेल्या वाहनाला झेंडूची माळ घालावी, ही आपल्या घराघरांतील रीत. आदल्या दिवशी पुण्याच्या मंडईत झेंडूचे ढीग लागतात. त्यांतील कितीतरी माळा गाड्यांवरच विसावतात. ज्या साधनाने वर्षभर आपला भार वाहिला, त्याच्यापुढे एक दिवस नम्र व्हावे, हा त्यामागील भाव.

अलीकडे मात्र माळ बसविण्यासाठी चिकटपट्टीचा सर्रास वापर होतो. फुले सुकतात, पट्टी निघते. मागे उरतो धूळ धरणारा काळपट चिकटा. ऑक्टोबरच्या उन्हात तो अधिकच घट्ट बसतो. एका वर्षी आम्ही तो घाईने सुरीच्या पात्याने खरवडला. चिकटा गेला, पण ओरखडे राहिले. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहताना ते आम्हांस आमच्या उतावीळपणाची आठवण देतात.

आजच्या बहुतेक मोटारींच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी केसाएवढीही क्वचितच भरते. म्हणून पाते, तारेची घासणी, थिनर व पेट्रोल ही वर्ज्यच मानावीत.

गाडी सावलीत उभी करून प्रथम साबणाच्या पाण्याने धूळ धुवावी. धुळीचे कणच रंगावर चरे पाडतात. मग कोमट पाण्यात भिजविलेले मऊ फडके डागावर थोडा वेळ ठेवावे. चिकटा नरम झाला की खोबरेल तेलाचे चार थेंब लावून दहा मिनिटे थांबावे आणि सुती कापडाने हलक्या हाताने पुसावे. तरीही अंश उरलाच, तर औषधाच्या दुकानातील स्पिरिट कापडावर घेऊन आधी आडबाजूच्या कोपऱ्यावर लावून पाहावे. त्या वेळी जवळ निरांजन वा उदबत्ती नसावी. नुकत्याच रंगविलेल्या गाडीला स्पिरिट लावूच नये. शेवटी साबणाने तेलाचा अंश धुऊन गाडी कोरडी करावी.

त्याहून बरे म्हणजे माळ दोऱ्यानेच बांधावी. मात्र चालकाची दृष्टी अडू देऊ नये. पूजा म्हणजे केवळ फूल वाहणे नव्हे; ज्याला वाहिले, त्याला जपणे हाही तिचाच भाग आहे.