फोन बदलला, फोटो का नाही बदलला?

गौरी-गणपतीचे घरोघरचे फोटो पाहताना मला दरवर्षी हळहळ वाटते. मखर सुरेख, समया तेवताहेत, आणि फोटोत मात्र मूर्ती पांढरीफटक, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली. बोल लावला जातो फोनला. खरा दोष फ्लॅशचा असतो.

गैरसमज: उजेड कमी असला की फ्लॅश हवाच.

फ्लॅशचा उजेड अगदी समोरून पडतो. त्यामुळे चेहऱ्यावरचे उठाव सपाट होतात आणि समईचा सोनेरी प्रकाश त्यापुढे टिकत नाही. त्याची पोचही थोडीच. अंतर दुप्पट झालं की पडणारा प्रकाश चौथा हिस्साच उरतो. म्हणूनच स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून मारलेल्या फ्लॅशने पुढच्यांची डोकी तेवढी उजळतात, रंगमंच नाही. फ्लॅश बंद करा, नाइट मोड लावा, कोपर टेबलावर किंवा खांबाला टेकवा आणि फोटो निघेपर्यंत हात हलू देऊ नका.

गैरसमज: मेगापिक्सेल जास्त, तितका फोटो सरस.

अल्बममधल्या ६ बाय ४ इंची प्रिंटला इंचामागे ३०० ठिपके धरले, तरी २२ लाखांच्या आसपास पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. ५० मेगापिक्सेलचे बरेच फोनही एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतात. आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज: ऑटोवर ठेवलं की रंग जसेच्या तसे येतात.

ऑटो मोड साधारणपणे दृश्याचा उजेड मध्यम पातळीवर आणू पाहतो. घरातली काळ्या पाषाणाची विठ्ठलमूर्ती चौकटभर घेतली, की ती करडी दिसते ती यामुळे. उलट पांढरंशुभ्र धोतर मळकट येतं. स्क्रीनवर मूर्तीला बोट लावा. बहुतेक फोनांत शेजारी सूर्याचं चिन्ह उमटतं. ते खाली ओढलं की काळा रंग पुन्हा काळा होतो. पांढऱ्यासाठी वर ओढायचं. एवढी एक सवय लागली तरी फोटोंत मोठा फरक पडतो.

गैरसमज: भर दुपारचं ऊन फोटोला उत्तम.

डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली गडद सावल्या पडतात. माणसांना झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून उभं करा.

बोटांनी चिमटून केलेला झूम बहुतेक वेळा फोटो फक्त कापून मोठा करतो; शक्य असेल तिथे चार पावलं पुढे जा. आणि नवा फोन घ्यायला निघण्याआधी जुन्याची लेन्स मऊ सुती कापडाने पुसून एक फोटो काढून पाहा. धुरकटपणा पुष्कळदा बोटांच्या तेलकटपणाचाच असतो.