हौद्याची कड आणि ट्रेलरचा सज्जा : फिफ्थ व्हीलच्या उंचीचे गणित

उत्तर अमेरिकेच्या महामार्गांवर पिकअप ट्रकच्या मागे ओढली जाणारी जी फिरती घरे दिसतात, त्यांपैकी बहुतेक वजनदार घरे ट्रकच्या मागच्या बंपरला नव्हे, तर थेट ट्रकच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ वर जोडलेली असतात. या जोडणीला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात आणि बोलण्यात त्या घरालाही तेच नाव पडले आहे. अशा ट्रेलरचा पुढचा भाग इमारतीच्या सज्ज्यासारखा हौद्यावर झेपावलेला असतो. सज्ज्याच्या तळाला ‘पिनबॉक्स’ नावाची पोलादी पेटी आणि तिच्या खालच्या तोंडाशी ‘किंगपिन’ नावाची, गळ्याशी २ इंच जाडीची पोलादी खुंटी असते. हौद्याच्या तळाला बोल्टांनी घट्ट बसवलेल्या ‘हिच’वर मागच्या बाजूने खाच असलेली एक जाड तबकडी असते, ट्रक मागे नेताना खुंटी त्या खाचेत शिरली, की आतले जबडे तिच्या गळ्याभोवती मिटतात आणि ट्रक व ट्रेलर या दोन वाहनांचे एक जोडवाहन होते.

न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे लांबलचक ट्रेलर याच तत्त्वावर जोडलेले असतात. मात्र त्यांना ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे उघडी चासी असते, हौदा नसतो, त्यामुळे ट्रेलरचा तळ कशावर आपटण्याचा प्रश्न तेथे सहसा येत नाही. पिकअप ट्रकला मात्र तिन्ही बाजूंनी पत्र्याच्या भिंती आणि मागे उघडमीट होणारा फाळका असतो, आणि ट्रेलरचा सज्जा या भिंतींच्या वरून फिरत असतो. भिंतींची वरची कड आणि सज्ज्याचा तळ यांच्यातले मोकळे अंतर, तसेच जोडणीची जमिनीपासूनची उंची, या दोन मापांवर प्रवासाची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. ही दोन मापे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत, की अनेक वर्षे ट्रेलर ओढणारी माणसेही त्यांच्याबाबतीत गोंधळतात.

ॲक्सलच्या वर जोडणी करण्याची ही कल्पना प्रवासी ट्रेलरसाठी आणणाऱ्यांत ग्लेन कर्टिस या अमेरिकी विमान-उद्योजकाचे नाव अग्रभागी आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याने ‘एरोकार’ हा हलका ट्रेलर तयार केला, आणि त्याची जोडणी मोटारीच्या मागच्या भागात आडव्या बसवलेल्या, हवा भरलेल्या चाकात केली, जेणेकरून रस्त्याचे धक्के त्या चाकातच जिरावेत. भार ॲक्सलच्या पलीकडे लोंबू न देता ॲक्सलवर घ्यावा, हा त्यामागचा विचार आजही तसाच टिकून आहे. बंपरला जोडलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीवर येतो. फिफ्थ व्हीलमध्ये हेच प्रमाण १५ ते २५ टक्के असते. म्हणजे १२,००० पौंडांच्या, सुमारे ५,४४० किलोच्या ट्रेलरचा पाचवा हिस्सा धरला, तर जवळजवळ १,०९० किलोंचा भार ट्रकच्या हौद्यात उतरतो. हा भार ॲक्सलवर असल्यामुळे ट्रकचे पुढचे चाक उचलले जात नाही, सुकाणू हलके होत नाही आणि ट्रेलरचे शेपूट हलवण्याची खोड पुष्कळ कमी होते; परंतु त्याच भाराने ट्रकचे मागचे पाटे दबतात आणि हौदा २ ते ३ इंच, क्वचित त्याहूनही अधिक, खाली बसतो.

उत्पादक आणि जाणकार मोकळ्या अंतरासाठी साधारणतः ५½ ते ६ इंच, म्हणजे १४ ते १५ सेंटिमीटर, हे किमान माप सांगतात. सपाट रस्त्यावर एवढे अंतर अनाठायी वाटेल, परंतु त्याची गरज सपाट रस्त्यावर पडतच नाही. ८ फुटी हौद्यात जोडणीचा बिंदू फाळक्यापासून सुमारे ४ फूट पुढे असतो, आणि ट्रक व ट्रेलर या बिंदूभोवती एकमेकांशी कोन करतात. ४८ इंच लांबीवर ६ इंचांचे अंतर म्हणजे ८ला १ असा चढउतार. ट्रक आणि ट्रेलर यांच्यातला कोन सुमारे ७ अंशांपर्यंत गेला, तरी कड आणि तळ एकमेकांना लागत नाहीत. हेच अंतर ४ इंचांवर आले, तर ५ अंशांच्या आतच पत्रा पत्र्याला भिडतो. पेट्रोल पंपाच्या उंच आवारातून ट्रक खालच्या रस्त्यावर उतरतो, त्या क्षणी पुढची चाके खाली, मागची चाके काठावर आणि ट्रेलर अजून आवाराच्या सपाटीवर, अशी स्थिती होते. ट्रकचे नाक झुकल्यामुळे हौद्याची मागची टोके वर उचलली जातात आणि फाळक्याशी असलेले अंतर झपाट्याने मिटते. ट्रेलर उतारावर मागे ढकलत नेताना त्याचे शेपूट खाली व नाक वर जाते, तेव्हाही तोच परिणाम होतो. ट्रक चढावर नाक वर करून चढू लागला आणि ट्रेलर मागे सपाटीवर राहिला, तर मात्र फाळक्याशी अंतर वाढते आणि केबिनच्या बाजूला कमी होते. वळताना एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले, की दोन्ही वाहने बाजूलाही कलतात आणि तेव्हा हौद्याचा कोपरा धोक्यात येतो. कड लागली, तर केवळ रंग खरवडून प्रकरण थांबत नाही. ट्रेलरच्या वजनाखाली हौद्याची भिंत चेपते आणि सज्ज्याच्या तळाचे आवरणही फाटते.

येथे ज्याचा सर्वाधिक विसर पडतो, तो मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. मोकळे अंतर हे हिचची हौद्याच्या तळापासूनची उंची आणि पिनबॉक्सची खोली या दोहोंच्या बेरजेतून हौद्याच्या भिंतीची उंची वजा केल्यावर जे उरते, तेच असते. समजा हिच १७ इंच, पिनबॉक्स १० इंच आणि भिंत २१ इंच. उरले ६ इंच. या हिशेबात ट्रक जमिनीपासून किती उंच आहे, हे कोठेच येत नाही, कारण पाटे दबले, की हौदा आणि हिच दोन्ही सारखेच खाली जातात. म्हणून ट्रकच्या मागच्या पाट्यांना हवेच्या पिशव्या लावून हौदा उचलला, की ट्रेलरचे अंतर वाढेल, ही सर्रास आढळणारी समजूत चुकीची आहे. हौदा उचलल्याने ट्रेलरचे नाक उचलले जाते, तळ मागच्या बाजूस किंचित कलतो, आणि त्यामुळे फाळक्याशी असलेले अंतर उलट थोडेसे घटते.

जमिनीपासूनची उंची दुसऱ्या हिशेबात येते, तो म्हणजे ट्रेलर समपातळीत राहण्याचा. ट्रेलर सपाट उभा असताना सज्ज्याचा तळ जमिनीपासून ५७ इंचांवर आहे, आणि भार पडल्यानंतर ट्रकच्या हौद्याची कड ५५½ इंचांवर आहे, असे उदाहरणादाखल धरले, तर ६ इंचांचे अंतर राखण्यासाठी तळ ६१½ इंचांवर न्यावा लागतो. म्हणजेच ट्रेलरचे नाक ४½ इंच वर राहणार. या ठिकाणी हिच खाली घेऊन पिनबॉक्स तेवढाच खाली सरकवला, अथवा हिच वर घेऊन पिनबॉक्स वर सरकवला, तरी फरक पडत नाही, कारण पहिल्या हिशेबात त्या दोहोंची बेरीज तीच राहते. हव्या त्या अंतराचा निर्णय झाला, की ट्रेलर किती कलणार हे फक्त दोन मापांवर ठरते : भारित ट्रकच्या कडेची उंची आणि सपाट उभ्या ट्रेलरच्या तळाची उंची. हिचच्या दुकानात उंची बदलण्याची छिद्रे कितीही बदलली, तरी या दोन मापांना हात लागत नाही.

नव्या ट्रकांमुळे ही अडचण तीव्र झाली. १९९०च्या दशकातील पाऊण टनी पिकअपच्या तुलनेत आजचे चारचाकी चालना असलेले जड पिकअप उंच आहेत आणि त्यांच्या हौद्याच्या भिंतीही खोल आहेत; जुन्या ट्रकच्या उंचीचा अंदाज धरून बांधलेले ट्रेलर मात्र अजून रस्त्यावर आहेत. भारित कड ४९½ इंचांवर असलेल्या जुन्या ट्रकला वर सांगितलेला ५७ इंची ट्रेलर जोडला, तर ६ इंच अंतर राखूनही त्याचे नाक दीड इंच खाली राहते, जे बहुतेकांना चालण्यासारखे असते. नव्या ट्रकला तोच ट्रेलर साडेचार इंच नाक वर करून धावतो. किंगपिनपासून ट्रेलरचे ॲक्सल २५ फूट मागे आणि शेपूट त्यांच्याही मागे १० फूट असेल, तर शेपटाचा तळ जवळजवळ २ इंच खाली येतो, आणि उंचवट्यावरून जाताना तो रस्त्याला घासण्याची शक्यता वाढते. पाट्यांच्या जोड ॲक्सलमध्ये दोन्ही ॲक्सलांवर भार वाटून देणारा समतोलक तुकडा असल्यामुळे थोडा कल सहज निभावतो. परंतु रबरी दांड्यांवर बसवलेल्या स्वतंत्र ॲक्सलमध्ये तसा समतोलक नसतो, आणि नाक वर असले, की मागचे ॲक्सल व त्याचे टायर आपल्या वाट्याहून अधिक भार वाहू लागतात. ज्या ॲक्सलवरचा भार कमी होतो, त्याची चाके ब्रेक लावताना लवकर जाम होतात.

उपायांमध्ये मोकळ्या अंतराचा बळी देऊन ट्रेलर समपातळीत आणणे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. थोडे नाक वर असलेला ट्रेलर काळजीपूर्वक नेता येतो. ३ इंच अंतर असलेला ट्रेलर पहिल्याच खड्ड्यात ट्रकचा हौदा चेपू शकतो. म्हणून आधी अंतर पक्के करावे आणि नंतर ट्रेलर उंच करण्याचा विचार करावा. पाट्यांच्या वर बसवलेले ॲक्सल पाट्यांच्या खाली नेले, की ट्रेलर अनेकदा ४ ते ५ इंच उचलला जातो. चासी आणि पाट्यांचे कंस यांच्यामध्ये पोलादी चौकट बसवूनही २ ते ४ इंच मिळतात. मात्र उचललेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य वर जातो, पायऱ्या उंच होतात आणि एकूण उंची वाढते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वाहनाच्या उंचीची मर्यादा १३ फूट ६ इंच, म्हणजे ४.११ मीटर आहे, आणि वातानुकूलन यंत्रासह कित्येक ट्रेलर तिच्या जवळ पोहोचलेले असतात. हे काम ट्रेलरच्या चासीवर अनुभव असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण ॲक्सलची रेषा जराही चुकली, तर टायर झिजून जातात.

हिचची उंची आणखी एका क्षणी निर्णायक ठरते, तो म्हणजे जोडणीचा. फाळका खाली पाडून ट्रक मागे घेतला जातो, तेव्हा ट्रेलरच्या टेकूंवर पेललेली पिनबॉक्सची पट्टी हिचच्या तबकडीपेक्षा साधारण अर्धा ते एक इंच खाली असावी लागते, म्हणजे तबकडी पट्टीला घासत वर उचलते आणि खुंटी अचूक उंचीवर खाचेत शिरते. ट्रेलर जास्त वर असला, तर जबडे खुंटीच्या गळ्याभोवती न मिटता तिच्या रुंद खालच्या टोकाशी अडकतात. हँडल मिटलेले दिसते, जोडणी झाली असे वाटते, आणि पुढे कोठेतरी हिसका बसताच खुंटी निसटून सज्जा हौद्याच्या भिंतींवर कोसळतो. त्यासाठी तबकडी आणि पट्टी यांच्यामध्ये फट नाही, हे विजेरी घेऊन डोळ्यांनी पाहावे लागते, आणि टेकू पूर्ण उचलण्यापूर्वी ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून बघावा लागतो. या पाहणीला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि ती टाळण्याला कोणतेही सबळ कारण नाही.

आखूड हौद्याच्या ट्रकमध्ये उभ्या अंतराच्या जोडीला आडव्या अंतराचाही प्रश्न येतो. साडेआठ फूट रुंद ट्रेलरची अर्धी रुंदी ५१ इंच असते. ट्रेलर काटकोनात वळला, की त्याची कड जोडणीच्या बिंदूपासून तेवढी पुढे येते, आणि साडेपाच ते साडेसहा फुटी हौद्यात मागच्या ॲक्सलपासून केबिनपर्यंत एवढी जागा बहुधा नसते. त्यासाठी वळताना मागे सरकणारी हिच वापरतात, अथवा पुढचे कोपरे कापलेले ट्रेलर घेतात. हिच ॲक्सलच्या मागे कायमची बसवून जागा करणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार घटतो.

ट्रेलर किंवा ट्रक विकत घेणाऱ्याने सौदा करण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन दोनच मापे घ्यावीत. सपाट जागी ट्रेलर समपातळीत उभा करून सज्ज्याच्या तळाची जमिनीपासूनची उंची मोजावी, आणि ट्रकच्या हौद्याच्या कडेची उंची मोजून तीतून भाराने दबण्याचे २ ते ३ इंच वजा करावेत. पहिल्या मापातून दुसरे वजा केल्यावर ६ इंचांच्या आसपास उरले, तर जोडी जुळते. ३ इंच किंवा त्याहून कमी उरले, तर ट्रेलर उंच करण्याचा खर्च किमतीत धरावा, नाहीतर दुसरा ट्रेलर पाहावा.