नाव नसलेल्या वादकांची रॉयल्टी

जुन्या गाण्याचे ध्वनिमुद्रण नव्या चित्रपटात वापरायचे तर निर्मात्याला दोन परवानग्या लागतात: एक शब्दांची आणि चालीची, दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची. भारतात या दोन्ही बहुधा संगीत कंपनीकडेच मिळतात, कारण मूळ निर्मात्याने हक्क तिला आधीच विकलेले असतात. गाणे ज्यांच्या गळ्यातून आणि बोटांतून उमटले, त्यांना विचारायला सहसा कोणी जात नाही.

2024 साली ‘मंजुम्मेल बॉइज’ या मल्याळम चित्रपटात ‘गुणा’ या 1991 च्या तमिळ चित्रपटातले गाणे मोक्याच्या प्रसंगी वाजले आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. संगीतकार इळैयराजा यांनी निर्मात्यांना नोटीस पाठवली. संगीत कंपन्यांकडून रीतसर हक्क घेतले आहेत, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. इळैयराजांचे नाव मोठे, म्हणून त्यांना दाद मागता आली. त्या गाण्यात वाजवणाऱ्या साध्या वादकाकडे तेवढे बळ नसते.

हा वाद जुना आहे. 1960 च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. मेहनताना मिळाला की गायकाचा हक्क संपला, असे मोहम्मद रफी यांचे मत होते, आणि दोघांनी काही काळ एकत्र गाणेच थांबवले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा मालक निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कॉपीराइट कायद्यात स्थान नसल्याची खंत स्वतंत्रपणे नोंदवली. सादरकर्त्यांचे, म्हणजे गायक-वादकांसारख्या कलावंतांचे, हक्क कायद्यात आले ते 1994 साली. तेही चित्रपटासाठी संमती दिली की संपत.

कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने हे बदलले. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू जोरकसपणे मांडली होती. आता संमती दिल्यानंतरही व्यावसायिक वापरासाठी सादरकर्त्याला रॉयल्टी द्यावी लागते. पण व्याख्येतच एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे सादरीकरण नैमित्तिक किंवा आनुषंगिक आहे आणि व्यवसायाच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो या हक्कापुरता ‘सादरकर्ता’ ठरत नाही. नाव न देण्याचा रिवाज पाडला निर्मात्यांनी, आणि त्याचा आधार घेऊन वादकाला बाहेर ठेवता येते. ही अट अन्यायाची आहे.

मुंबईच्या स्टुडिओंत पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणाऱ्या गोव्याच्या वादकांनी आणि संगीत संयोजकांनी हिंदी गाण्यांचे वाद्यवृंद उभे केले. त्यांना पैसे मिळत ते त्या कामापुरते, आणि पडद्यावर नाव क्वचितच. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोचले ते 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे; त्यांचे व्हायोलिनचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी गुरूंना केलेले ते वंदन होते.

निर्मात्यांचा युक्तिवाद असा, की चित्रपट बुडाला तर नुकसान त्यांचे, म्हणून नफाही त्यांचा. पहिल्या चित्रपटापुरते ते मान्य करता येईल. मात्र दुसरा निर्माता तेच ध्वनिमुद्रण वीस-तीस वर्षांनी निवडतो, ते लोकांच्या मनात आधीच रुजलेले असते म्हणून. त्या वापराची किंमत मूळ मेहनतान्यात धरलेली नसते. त्यातला वाटा वादकांना मिळायला हवा, आणि त्यासाठी प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कोणी काय वाजवले याची सही-शिक्क्यानिशी नोंद हवी. ती नसेल तर मंजूर झालेली रॉयल्टीही कोणाच्या घरी पोचवायची, हे कळणार नाही.