क्लच अकाली घसरतो तेव्हा
आपली गाडी, आपली पारख : भाग ९

गेल्या भागात क्लचची रचना पाहिली. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट असते आणि डायफ्रॅम स्प्रिंग तिला घट्ट दाबून धरते. ही पकड सैल पडली की इंजिन फिरतं तेवढी प्लेट फिरत नाही, म्हणजेच क्लच घसरतो. नीट चालवलेल्या गाडीचा क्लच लाखभर किलोमीटर टिकू शकतो. तो पंचवीस-तीस हजारांतच घसरू लागला, तर ‘प्लेट गेली, बदलून टाकू’ एवढ्या उत्तरावर गाडी सोडून येऊ नका. प्लेट कशाने गेली हे शोधलं नाही, तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते.

आधी तो खरंच घसरतोय का, ते बघा. पिकअप गेला की संशय क्लचवर येतो. पण एअर फिल्टर तुंबला किंवा एखादा ब्रेक धरून राहिला, तरी पिकअप जातो. फरक दाखवतो तो आरपीएमचा काटा. क्लच धरलेला असेल तर एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं प्रमाण ठरलेलं असतं. इंजिन चांगलं तापल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० किलोमीटरवर या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वेगाबरोबर सावकाश चढला तर क्लच ठीक आहे. काटा झपकन वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर निदान झालं. पहिल्या गिअरमध्ये गाडी पटकन वेग घेते, त्यामुळे क्लचवरचा ताण फार वेळ टिकत नाही. वरच्या गिअरमध्ये तो टिकून राहतो. म्हणूनच शहरात गप्प बसलेला दोष खंबाटकी घाटाच्या चढणीवर उघडा पडतो.

आता कारण. सुरुवात पेडलपासून करा, कारण त्याला खर्च नाही. मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या केबलवाल्या गाड्यांत पेडल हाताने दाबलं तर सुरुवातीला थोडं मोकळं जायला हवं. याला फ्री प्ले म्हणतात. तो किती हवा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. प्लेट झिजली की हा मोकळेपणा वाढेल असं वाटतं, पण होतं उलटं. प्लेट पातळ होते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि स्प्रिंगची आतली टोकं पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे येतात. मधली फट संपते. केबल वेळेवर सैल केली नाही, तर पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. तो घसरतो, तापतो आणि आणखी वेगाने झिजतो. दहा मिनिटांच्या अ‍ॅडजस्टमेंटअभावी चांगली प्लेट जळून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

हायड्रॉलिक क्लचमध्ये हाच दोष दाब अडकल्याने येतो. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला नाही किंवा चुकीच्या तेलाने आतली रबरं फुगली, की पाय काढल्यावरही दाब उतरत नाही. घसरणं चालू असतानाच गाडी थांबवून मेकॅनिकला ब्लीडिंग स्क्रू किंचित सैल करायला सांगा. तेल उडून क्लच पुन्हा धरू लागला, तर गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही.

तिसरं कारण ऑइल सील. इंजिनाचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळलं की तेल प्लेटवर येतं आणि नवी कोरी प्लेटही घसरते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, तिथे खालून ओल दिसते का, ते पाहा.

उरतो चालक. चढावर हाफ क्लचवर गाडी रोखून धरणं सगळ्यात महागात पडतं: फ्लायव्हील फिरत असतं, प्लेट जवळपास उभी असते आणि इंजिनाची ताकद उष्णता होऊन तिथेच जिरते. घाटात गाडी हँडब्रेकवर थांबवावी. मात्र चालकाला दोष देणं गॅरेजला सोपं असतं, म्हणून वरची तिन्ही कारणं तपासल्याशिवाय तो दोष स्वीकारू नका.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर जुने भाग जपून ठेवायला सांगा. प्लेट रिव्हेटपर्यंत सारखी झिजलेली असेल, तर ती आपलं आयुष्य जगली. अस्तर शिल्लक आहे पण चकचकीत, तेलकट आहे, तर सील शोधा. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक भेगा असतील, तर क्लच अति तापला होता. असं फ्लायव्हील तपासून, गरज असेल तर त्याचा पृष्ठभाग सपाट (फेस) करून किंवा बदलूनच नवी प्लेट बसवा. तापलेल्या स्प्रिंगचा जोरही गेलेला असू शकतो, म्हणून प्रेशर प्लेट आणि बेअरिंग सोबतच बदलावं. यात मजुरीचा मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, आणि तो तर उतरलेलाच आहे.

पुढच्या भागात : पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, तेव्हा.