वीस अंकी विश्व

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

ऑगस्ट २०१६मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम बाजारात आला, पण त्याच्या कितीतरी आधी हा आकडा जगभर फिरून आला होता. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची हॅलो गेम्स ही कंपनी, माणसं जेमतेम डझन-दीड डझन आणि त्यांच्या गेममधल्या ग्रहांची संख्या ही एवढी! एका ग्रहाला एक सेकंद दिला तरी सगळे बघून व्हायला सुमारे ५८५ अब्ज वर्षं लागतील. आपल्या खऱ्या विश्वाचं वय १४ अब्जांच्याही आतलं आहे.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं मागणं मागणाऱ्या पंडिताची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांची या आकड्याशी जुनी ओळख निघेल. पटावरच्या सगळ्या दाण्यांची बेरीज करा, त्यात एक मिळवा, की हाच आकडा येतो. दोनाचा चौसष्टावा घात. ग्रह कोणी मोजले नव्हते. प्रत्येक ग्रहाला ६४ बिटांचा एक क्रमांक, आणि ६४ बिटांत जेवढे क्रमांक बसतात तेवढे ग्रह, इतकाच हा हिशेब. आकडा खरा आहे. त्यावरून लोकांनी जे काही गृहीत धरलं, तिथे मात्र बराच गोंधळ आहे.

“एवढं सगळं डिस्कवर साठवलेलं असतं.”

एकही ग्रह साठवलेला नसतो. साठवलेली असते ती कृती. तुम्ही यान घेऊन ग्रहाजवळ गेलात की त्याचा क्रमांक सूत्रात घातला जातो आणि डोंगर, समुद्र, गवताचा रंग, प्राण्यांचे पाय, सगळं त्या क्षणी गणितातून निघतं. पाठ फिरवली की पुसून टाकलं जातं. परत आलात की पुन्हा तेच गणित, पुन्हा तेच उत्तर, म्हणून तोच डोंगर.

ही युक्ती २०१६ची नाही. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी ‘एलिट’ लिहिला. त्या यंत्राची मेमरी होती ३२ केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुप्रभातचा फोटोही त्यात मावणार नाही. एवढ्या जागेत त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह. प्रत्येक ग्रहाला आपलं नाव, आपली राज्यव्यवस्था, आपले बाजारभाव. सगळ्याच्या मुळाशी फक्त तीन संख्या होत्या, प्रत्येकी १६ बिटांच्या. तिन्हींची बेरीज करायची, सर्वांत जुनी सोडून द्यायची, बेरीज तिच्या जागी घ्यायची, अशा पायऱ्यांनी एका ग्रहावरून पुढच्या ग्रहावर जायचं. संख्येतले काही बिट सांगणार सरकार कोणतं, काही सांगणार लोकसंख्या किती. नावं तयार व्हायची अक्षरांच्या जोड्या एकापुढे एक लावून. पुढच्या आकाशगंगेत जायचं तर मूळ संख्यांचा प्रत्येक बाइट एका बिटाने फिरवायचा. बाइटमध्ये आठच बिट, म्हणून आठ वेळा फिरवलं की पुन्हा पहिल्या आकाशगंगेत.

खरं तर त्या दोघांना २८१ लाख कोटी आकाशगंगा देता आल्या असत्या. प्रकाशक अ‍ॅकॉर्नसॉफ्टने नको म्हटलं. इतका मोठा आकडा दिला तर हे सगळं यंत्राने पाडलेलं आहे, हे खेळणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल, अशी त्यांना भीती होती. बत्तीस वर्षांनी गेम विकणाऱ्यांना एवढा पोच राहिला असता तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता. आणखी एक किस्सा: सूत्राने एका आकाशगंगेतल्या ग्रहाला असं नाव दिलं, की ते इंग्रजीत चारचौघांत उच्चारता येईना. एक नाव बदलायची सोयच नव्हती, कारण नावं कुठे लिहिलेलीच नव्हती. ती अख्खी आकाशगंगा टाकून दुसरी घ्यावी लागली.

“म्हणजे सगळं रँडम असतं.”

हा सर्वांत चिवट गैरसमज. रँडम असतं तर परत आल्यावर तोच डोंगर भेटला नसता. १९८२ सालच्या ‘पिटफॉल’मध्ये डेव्हिड क्रेन यांनी २५५ पडद्यांचं जंगल एका बाइटच्या खेळातून उभं केलं. शून्य वगळून एका बाइटच्या जितक्या किमती होतात, तितके पडदे. बिट एका बाजूला सरकवले की उजवीकडचा पडदा, उलटे सरकवले की डावीकडचा. अटारी या गेमयंत्रावर हा गेम कोणीही, कधीही, कुठेही लावला तरी जंगल तेच.

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. ती एकमेकांना ‘सीड’ पाठवतात. तो आकडा घातला की पुण्यातल्या मुलाच्या आणि न्यू जर्सीतल्या त्याच्या मावसभावाच्या पडद्यावर, आवृत्ती एकच असेल तर, एकच नदी त्याच वळणाने वाहते. २०२० साली हौशी लोकांनी याचंच उलटं गणित करून दाखवलं. माइनक्राफ्टच्या सुरुवातीच्या पडद्यामागे बरीच वर्षं एक धूसर निसर्गदृश्य फिरत असे. ते कुठल्या जगातलं, कोणालाच माहीत नव्हतं. त्या धूसर चित्रातल्या खुणांवरून स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर अब्जावधी सीड चाळले आणि १९ अंकी मूळ आकडा शोधून काढला. रँडम गोष्टीचा असा माग काढता येत नाही.

“हे सगळं एआयचं काम.”

हल्ली हे फार ऐकू येतं. नाही. यात कुठलंही यंत्र काही शिकलेलं नसतं. माणसाने लिहिलेली सूत्रं असतात, आणि त्यातलं सर्वांत नावाजलेलं सूत्र वैतागातून जन्मलं. केन पर्लिन यांनी ‘ट्रॉन’ या १९८२च्या सिनेमासाठी संगणकीय चित्रांवर काम केलं होतं. तिथला यंत्री गुळगुळीतपणा त्यांना खुपला आणि त्यांनी ‘पर्लिन नॉइज’ तयार केला; १९८५मध्ये तो शोधनिबंधातून मांडला आणि १९९७मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्यातली गोम अशी, की शेजारशेजारच्या बिंदूंच्या किमती एकमेकींना धरून असतात. कागदावर नुसते मनाला येतील ते आकडे मांडले तर टीव्हीवरच्या मुंग्या दिसतील. पर्लिनच्या आकड्यांतून चढ आणि उतार दिसतात. मोठ्या चढउतारांवर छोटे, छोट्यांवर आणखी छोटे असे थर चढवत गेलं की डोंगर, डोंगरावर टेकाडं, टेकाडांवर खडक. कुठला थर किती जाड ठेवायचा, हे ठरवतो पडद्यासमोर बसलेला माणूस, डोळ्यांनी बघून, पन्नासदा बदलून.

“ही जगं अनंत असतात.”

मोठी असतात. माइनक्राफ्टची हद्द मध्यापासून प्रत्येक दिशेला ३ कोटी ठोकळ्यांवर आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. जुन्या आवृत्त्यांत तर त्याच्या बऱ्याच अलीकडे, १,२५,५०,८२१व्या ठोकळ्यापाशी, आकडे त्यांच्या साच्यात मावेनासे होत आणि जमीन अचानक प्रचंड, भोकं पडलेल्या भिंतीसारखी उभी राही. ‘फार लँड्स’ म्हणतात त्याला. न थांबता चाललं तरी तिथे पोचायला महिन्याहून जास्त लागतो. २०११च्या सप्टेंबरमधल्या अपडेटने हा दोष काढून टाकला, पण त्याच वर्षी एक यूट्यूबर जुनी आवृत्ती धरून तिकडे चालत निघाला आणि पुढे वर्षानुवर्षं, धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करत, चालतच राहिला. दोषाला तीर्थक्षेत्राचा मान मिळाल्याचं हे गेमिंगमधलं बहुधा सर्वांत सुंदर उदाहरण.

“ग्रह जास्त, म्हणजे बघण्यासारखं जास्त.”

इथे थोडं थांबायला हवं, कारण २०१६चा सगळा संताप इथून निघाला. लोकांनी वीस अंकी आकडा वाचला आणि वीस अंकी आश्चर्यांची वाट पाहिली. पहिले काही ग्रह खरोखर श्वास रोखून बघितले गेले. मग लक्षात यायला लागलं, की या प्राण्याचं डोकं मागच्या ग्रहावर दुसऱ्या धडावर होतं. साहजिक आहे. प्राण्यांचे अवयव कलाकारांनी आधी घडवलेले होते. सूत्र त्यांची जुळणी करत होतं, त्यांना ताणत होतं, रंगवत होतं. जुळण्या अगणित, अवयव मोजके. माणसाचा डोळा जुळण्या मोजत नाही, अवयव ओळखतो.

‘स्पोर’ या गेमवर काम केलेल्या केट कॉम्प्टन यांनी याला दिलेलं उदाहरण या क्षेत्रात आता सगळ्यांच्या तोंडी आहे: दहा हजार वाट्या ओट्सची लापशी. प्रत्येक वाटीत प्रत्येक दाणा वेगळ्या जागी पडलेला असतो, गणिताने पाहिलं तर कुठल्याच दोन वाट्या सारख्या नाहीत. खाणाऱ्याला मात्र लापशीच दिसते.

मग वेगळेपण येतं कुठून? माझं मत असं, की ते संख्येतून येत नाही, कारणांतून येतं. याचा उत्तम नमुना ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांचा हा गेम २००६मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आला आणि दीर्घकाळ नुसत्या अक्षरचिन्हांत दिसायचा. दिसायला दरिद्री, पण त्याचं जग तयार होतं ते बघण्यासारखं असतं. आधी जमिनीची उंची ठरते. मग पाऊस, तापमान, निचरा. पाऊस भरपूर आणि निचरा कमी, तर दलदल. तेवढाच पाऊस आणि निचरा चांगला, तर जंगल. नद्या डोंगर कोरत खाली येतात. डोंगररांग पाऊस अडवते आणि तिच्या पलीकडची जमीन कोरडी पडते. सातारा जिल्ह्यात राहिलेल्या माणसाला यापुढे सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला जेमतेम पाचशे. पर्जन्यछाया भूगोलाच्या पुस्तकात पाठ करावी लागते; या गेममध्ये ती कोणी रेखाटलेली नसते, नियमातून आपोआप पडते. त्यावर मग शेकडो वर्षांचा इतिहास घडवला जातो: राज्यं, लढाया, स्थलांतरं.

फरक इथे पडतो. असं जग वाचता येतं. डोंगर दिसला की पलीकडे काय असेल याचा अंदाज बांधता येतो, तो खरा ठरतो किंवा चुकतो, आणि चुकला तर का चुकला हे शोधता येतं. मला हेच खरं अन्वेषण वाटतं. पुढच्या ग्रहावर गवत जांभळं निघालं, याला मागे काही कारण नसेल तर त्यातून पुढच्या ग्रहाबद्दल काहीच कळत नाही; फक्त फोटो निघतो. फोटो सुंदर निघतो, हे मान्य.

“सूत्र लिहिलं की माणसांचं काम वाचतं.”

वाचत नाही, सरकतं. डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’मध्ये प्रत्येक वेळी नवी गुहा मिळते, पण ती चार बाय चारच्या चौकटीत हाताने आखलेल्या खोल्या जोडून, आणि वरून खालपर्यंत निदान एक वाट नक्की सुटेल अशा बेताने बनते. खोल्या आखायच्या त्या माणसानेच. शिवाय दर वेळी नवं हवंच असंही नाही. बेथेस्डा या कंपनीचा १९९६चा ‘डॅगरफॉल’ सुमारे १५,००० ठिकाणांसकट सूत्रांनीच घडवला होता, पण घडवला स्टुडिओतच आणि तसाच गोठवून सगळ्यांना एकसारखा विकला.

“ग्रह कायमचे असतात, आपण केलेल्या खुणाही.”

‘नो मॅन्स स्काय’ आल्याआल्याच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी पोचले. दोघांना एकच इमारत दिसत होती. एकमेकांना ते दिसले नाहीत, आणि फसवणुकीचा ओरडा झाला. ओरडा रास्त होता, कारण भेट होऊ शकेल असं भासवलं गेलं होतं. पण तांत्रिकदृष्ट्या तो प्रसंग फार बोलका आहे. ग्रह दोघांच्या यंत्रांनी आपापल्या घरी स्वतंत्र हिशेब करून काढला होता, त्यासाठी एकाने दुसऱ्याला काही कळवायची गरजच नव्हती. समोरचा माणूस मात्र कुठल्याच सूत्रातून निघत नाही. तो कुठे उभा आहे हे सतत पाठवावं लागतं, आणि ते पाठवणारी पुरेशी यंत्रणा जुलै २०१८च्या ‘नेक्स्ट’ अपडेटमध्ये आली.

त्याच अपडेटने दुसरी एक गोष्ट शिकवली. जग म्हणजे सीड अधिक सूत्र. सीड तसाच ठेवून सूत्र सुधारलं, की डोंगर हलतात. लोकांचे तळ जमिनीत गाडले गेले, काही हवेत लटकले. माइनक्राफ्टमध्येही एकदा चालून गेलेला भाग जुन्या सूत्राचा आणि पुढचा नव्याचा, अशी शिवण अपडेटनंतर कड्यासारखी दिसायची, २०२१च्या १.१८ आवृत्तीत ती मऊ करण्यासाठी वेगळं काम करावं लागलं.

आणि तुम्ही खणलेला खड्डा? अख्खा ग्रह सेव्ह फाइलमध्ये काहीच जागा घेत नाही, पण खड्डा घेतो, कारण तो सूत्रात नाही. म्हणून ‘नो मॅन्स स्काय’ने अशा फेरफारांना मर्यादा घातली आहे, ती संपली की गेम सर्वांत जुन्या खड्ड्यांत पुन्हा माती भरतो. तळघर खणून त्यात घर थाटलेल्यांचं घर मातीत जातं. जुने खेळाडू नवख्याला पहिला सल्ला देतात तो हाच: खणून बांधू नकोस, जमिनीच्या वर बांध.